स्वस्त सूक्ष्मनियंत्रक : निवड आणि खरेदी

कपडे धुण्याचे यंत्र, विजेचा मीटर, दूरचित्रवाणी संचाचा रिमोट, रिक्षाचा भाडेमीटर आणि ताप मोजण्याचा अंकदर्शी तापमापक या वस्तूंमध्ये वरकरणी काहीही साम्य दिसत नाही. तथापि आजकाल त्यांपैकी प्रत्येकीच्या पोटात एक लहानसा संगणक बसविलेला असतो. त्याला कळफलक नसतो, पडदा नसतो, आणि बहुधा त्याच्या मालकाला त्याच्या अस्तित्वाची कल्पनाही नसते. या संगणकाला मायक्रोकंट्रोलर किंवा सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. गणन करणारा भाग, आज्ञावली साठविणारी स्मृती, चालू कामाची माहिती ठेवणारी तात्पुरती स्मृती, वेळ मोजणारे गणक आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना हे सर्व सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर एकत्र आणलेले असते. याच बाबतीत तो सूक्ष्मप्रक्रियकाहून, म्हणजे मायक्रोप्रोसेसरहून, वेगळा ठरतो. प्रक्रियकाला स्मृती व इतर अवयव बाहेरून पुरवावे लागतात. नियंत्रक बव्हंशी स्वयंपूर्ण असतो.

असा नियंत्रक आज काही रुपयांत मिळतो. त्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थी, हौशी तंत्रज्ञ आणि लहान कारखानदार यांना स्वतःची उपकरणे रचणे शक्य झाले आहे. परंतु ‘सर्वांत स्वस्त सूक्ष्मनियंत्रक कोणता व तो कोठे मिळेल?’ हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. चिपची किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग असतो आणि कित्येकदा तो सर्वांत लहान भाग असतो. जी चिप विकत घेताना स्वस्त वाटते, तीच वापरताना अतिशय महाग पडू शकते. या प्रकरणात त्या खर्चाची सर्व अंगे क्रमाने विचारात घ्यावयाची आहेत.

किमतीची उतरंड

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीचा टीएमएस १००० हा चार बिटांचा नियंत्रक १९७४ मध्ये बाजारात आला. खेळणी, गणकयंत्रे आणि घरगुती उपकरणे यांत तो फार मोठ्या संख्येने वापरला गेला. इंटेल कंपनीने १९७६ मध्ये ८०४८ आणि १९८० मध्ये ८०५१ हे आठ बिटांचे नियंत्रक आणले. ८०५१ मध्ये आज्ञावलीसाठी ४ किलोबाइट आणि तात्पुरत्या माहितीसाठी १२८ बाइट एवढी स्मृती होती. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी या विषयाची मुळाक्षरे ८०५१ वरच गिरविली आहेत.

त्या काळी चिप स्वस्त होण्यासाठी एक अट असे. आज्ञावली चिपच्या निर्मितीच्या वेळीच, छायाचित्राच्या मुद्रेप्रमाणे, सिलिकॉनवर कायमची उमटविली जाई. त्यासाठी वेगळा साचा तयार करावा लागे आणि मागणी हजारोंच्या संख्येत नोंदवावी लागे. आज्ञावलीत एक चूक राहिली तरी सगळा माल वाया जाई. प्रयोगासाठी पुसता येण्याजोग्या चिपा मिळत. त्यांच्या माथ्यावर क्वार्ट्झची लहानशी खिडकी असे आणि तिच्यातून अतिनील किरण सोडून जुनी आज्ञावली पुसली जाई. परंतु खिडकीचे ते सिरॅमिक आवरण महाग असे. म्हणजे स्वस्ताई फक्त मोठ्या कारखान्यांच्या वाट्याला येई आणि एक-दोन नग हवे असणाऱ्याला भुर्दंड बसे.

हे चित्र १९९३ च्या सुमारास पालटले. मायक्रोचिप कंपनीच्या पीआयसी १६सी८४ मध्ये विजेनेच पुसता व पुन्हा लिहिता येणारी स्मृती आली. अ‍ॅटमेल कंपनीने ८०५१ ची फ्लॅश स्मृतीवर आधारलेली आवृत्ती आणली. आता एकच चिप शेकडो वेळा सुधारता येऊ लागली. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनो या पट्टिकेचा जन्म झाला आणि यूएसबी तारेखेरीज अन्य साधन नसतानाही नियंत्रकावर आज्ञावली चढविणे नवशिक्याला साधू लागले. त्यानंतरची घसरण तर विस्मयकारक आहे. इंग्लंडमध्ये २०२१ साली आलेली दोन गाभ्यांची आरपी २०४० ही चिप सुट्या खरेदीत एक डॉलरला विकली गेली. चीनमधील नानजिंग येथील डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३२व्ही००३ ही ३२ बिटांची चिप २०२२ मध्ये दहा सेंटांच्या आत मिळू लागली. तैवानच्या पॅडॉक कंपनीचा पीएमएस१५०सी हा तर सुमारे तीन सेंटांचा नियंत्रक म्हणून प्रसिद्धीस आला. मात्र त्यावर आज्ञावली एकदाच लिहिता येते.

इतकी कमी किंमत कशी परवडते

यामागील गणित समजून घेणे उपयुक्त आहे. चिपा एकेक करून बनविल्या जात नाहीत. सिलिकॉनच्या गोल चकतीवर त्या एकाच वेळी घडविल्या जातात. २०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मिलिमीटर भरते. एका चिपला एक चौरस मिलिमीटर जागा लागली, तर कडेचा व कापणीतील अपव्यय वजा जाताही हजारो चिपा एका चकतीतून निघतात. चकतीवरील प्रक्रियेचा खर्च या सर्वांत विभागला जातो. शिवाय नियंत्रकांसाठी अद्ययावत यंत्रसामग्रीची गरज नसते. ज्या कारखान्यांच्या उभारणीचा खर्च पूर्वीच वसूल झाला आहे, अशा जुन्या कारखान्यांतही ते बनविता येतात.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक म्हणजे, चिप अतिशय लहान झाल्यावर आवरण, पिना आणि चाचणी यांचाच खर्च सिलिकॉनच्या बरोबरीला येतो. म्हणून कमी पिनांची चिप सहसा स्वस्त असते. दुसरा असा की, बिटांच्या संख्येवरून किमतीचा अंदाज बांधणे आता योग्य नाही. आठ बिटांची जुनी, लोकप्रिय चिप ३२ बिटांच्या नव्या चिपेपेक्षा कितीतरी महाग असल्याचे नेहमी आढळते.

नग किती, हा पहिला प्रश्न

स्वस्ताईचा विचार नगांच्या संख्येपासून सुरू झाला पाहिजे. पुढील आकडे केवळ हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून कल्पिलेले आहेत.

समजा, एका विद्यार्थ्याला एकच उपकरण बनवावयाचे आहे. तीनशे रुपयांच्या तयार पट्टिकेवर नियंत्रक, विद्युत्‌पुरवठा आणि यूएसबी जोडणी हे सर्व असते. त्याऐवजी त्याने दहा रुपयांची सुटी चिप घेतली, तर तिच्यावर आज्ञावली चढविण्याचे पाचशे रुपयांचे साधन लागेल, पृष्ठभागावर डाख देण्यासाठी छापील पट्टिका लागेल आणि नवी भाषांतरक प्रणाली शिकण्यात दोन आठवडे जातील. येथे दहा रुपयांची चिप तीनशे रुपयांच्या पट्टिकेहून निश्चितच महाग आहे.

आता एक लहान कारखाना घ्यावा. त्याला दरसाल दहा हजार उपकरणे बनवावयाची आहेत. वापरातील चिपेऐवजी दुसरी चिप घेतल्यास नगामागे पंधरा रुपये वाचतात. मात्र आज्ञावली नव्याने लिहिणे, साधने घेणे आणि चाचण्या करणे यांवर साठ हजार रुपये खर्च होतात. साठ हजारांना पंधराने भागले असता चार हजार येतात. म्हणजे चार हजाराव्या नगापाशी खर्च भरून निघतो आणि उरलेल्या सहा हजार नगांवर नव्वद हजार रुपयांचा लाभ होतो. याच कारखान्याची गरज दोन हजार नगांची असती आणि पुढील वर्षी मागणी राहण्याची शाश्वती नसती, तर तोच बदल तीस हजारांच्या तोट्याचा ठरला असता. चिप तीच, बचत तीच; केवळ संख्येने निर्णय उलटा झाला.

साधनांच्या बाबतीत आज परिस्थिती बरीच अनुकूल आहे. जीसीसी आणि एसडीसीसी यांसारखे भाषांतरक विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांपैकी दुसरा तर ८०५१ आणि पॅडॉकच्या नियंत्रकांसाठीही चालतो. तरीही माहितीपत्रक इंग्रजीत आहे किंवा नाही, त्यातील दोषांची यादी कंपनी प्रसिद्ध करते किंवा नाही, आणि अडचण आल्यास विचारण्याजोगा जाणकार वर्ग आहे किंवा नाही, हे पाहूनच चिप निवडावी. ज्या चिपेसंबंधी शंकानिरसनाची सोय नाही, तिच्या किमतीत कारागिराचे वाया गेलेले दिवसही मिळविले पाहिजेत.

एक उदाहरण : पाण्याच्या टाकीचा नियंत्रक

भारतातील शहरांत घरोघर दिसणारी गरज उदाहरणादाखल घेता येईल. जमिनीखालच्या हौदातून गच्चीवरील टाकीत पाणी चढविणारा पंप टाकी रिकामी होताच सुरू व्हावा, भरताच बंद व्हावा आणि हौदात पाणी नसेल तर मुळीच सुरू होऊ नये, एवढेच काम करावयाचे आहे. मात्र त्यात चूक झाली, तर कोरडा चाललेला पंप जळतो आणि दुरुस्तीचा खर्च संपूर्ण उपकरणाच्या किमतीहून अधिक होतो.

प्रथम पिना मोजाव्यात. टाकीतील वरची व खालची पातळी आणि हौदातील पातळी यांसाठी तीन, हाताने पंप चालविण्याच्या बटणासाठी एक, रिलेसाठी एक आणि दोन दर्शक दिव्यांसाठी दोन अशा सात पिना झाल्या. विद्युत्‌पुरवठ्याच्या दोन आणि आज्ञावली चढविण्याची एक धरली की बेरीज दहा होते. म्हणजे आठ पिनांची चिप पुरणार नाही. चौदा ते वीस पिनांची पुरेल. आज्ञावली दोन किलोबाइटांत सहज बसेल. पाण्याची पातळी हळूहळू बदलते, म्हणून वेगाची काहीच मातब्बरी नाही. सेकंदाला दहा लाख स्पंदांचा नियंत्रकही या कामासाठी गरजेपेक्षा पुष्कळ वेगवान आहे.

मग कशाची काळजी घ्यावी? पंप सुरू-बंद होताना विद्युत्‌वाहिनीत धक्के बसतात. अशा वेळी आज्ञावली भरकटली, तर नियंत्रकाला आपोआप पुन्हा आरंभावर आणणारा पहारा-गणक चिपेत असला पाहिजे. अनेक गावांत व शहरांत विजेचा दाब मध्येच उतरतो. दाब ठराविक मर्यादेखाली जाताच नियंत्रकाला थांबवून ठेवणारी व्यवस्थाही आवश्यक आहे. आंदोलक चिपेतच असेल, तर बाहेरचा क्वार्ट्झ स्फटिक व दोन कपॅसिटर वाचतात. चिप पाच व्होल्टांवर चालत असेल, तर दाब उतरविणारा आणखी एक भाग वाचण्याचा संभव असतो. पाण्यातील धातूच्या कांड्यांतून एकाच दिशेने सतत प्रवाह गेल्यास त्या झिजतात. म्हणून प्रत्येक कांडीला क्षणभरच आणि आळीपाळीने उलटसुलट दाब देणे इष्ट असते. त्यासाठी एखादी पिन जास्त लागली, तरी ती आधीच हिशेबात धरावी.

अशा रीतीने गरजांची यादी तयार झाल्यावरच किमतीची तुलना करावी. ती तुलनाही चिपेची चिपेशी न करता, लागणाऱ्या सर्व बाह्य भागांसह संपूर्ण मंडलाची संपूर्ण मंडलाशी करावयाची असते. दोन रुपयांनी स्वस्त असलेली चिप पाच रुपयांचे जादा भाग मागत असेल, तर ती स्वस्त नव्हे.

माल कोठून घ्यावा

सुट्या भागांच्या खरेदीचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग शहरातील बाजाराचा. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील लाल किल्ल्यासमोरचे लजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट आणि पुण्यातील तपकीर गल्ली ही नावे या क्षेत्रातील लोकांच्या परिचयाची आहेत. एकच नग हवा असेल, आजच हवा असेल आणि वस्तू हातात घेऊन पाहावयाची असेल, तर या बाजारांना पर्याय नाही. मात्र दुकानदाराने माल कोणाकडून घेतला, हे कळण्याचा मार्ग ग्राहकाजवळ बहुधा नसतो.

दुसरा मार्ग अधिकृत वितरकांचा. उत्पादक कंपनी आपल्या वितरकांची यादी प्रसिद्ध करते. डिजी-की, माउझर, एलिमेंट१४ यांसारख्या वितरकांकडील सुट्या नगाचा दर जास्त वाटतो. परंतु त्यात मालाच्या अस्सलपणाची हमी समाविष्ट असते. संख्या वाढली की दरही उतरतात. एक नग, शंभर नग आणि संपूर्ण रीळ यांच्या दरांत मोठे अंतर असते. रिळात हजारो चिपा असतात. अर्धे रीळ पडून राहणार असेल, तर रिळाचा स्वस्त दर फसवा ठरतो.

तिसरा मार्ग परदेशातून, विशेषतः चीनमधील शेन्झेन येथून, थेट माल मागविण्याचा. काही चिनी नियंत्रकांच्या बाबतीत हाच सर्वांत सरळ मार्ग आहे. माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ मध्ये सहभागी झाला आणि त्यानुसार एकात्मिक मंडलांवर मूळ सीमाशुल्क नाही. तथापि वाहतूक, सीमाशुल्कविषयक कागदपत्रांची हाताळणी आणि वस्तू व सेवा कर यांचा खर्च येतोच. नोंदणीकृत उद्योगाला हा कर पुढे वजावटीत मिळू शकतो. विद्यार्थ्याला किंवा हौशी माणसाला मिळत नाही. पाचशे रुपयांच्या चिपांसाठी हजार रुपयांचे टपाल पडले, तर घरगुती वितरकाचा दुप्पट दरही परवडतो.

अस्सल आणि नक्कल

कमी दराच्या मागे धावताना सर्वांत मोठा धोका बनावट मालाचा असतो. टाकाऊ उपकरणांच्या पट्टिका तापवून चिपा उपटल्या जातात, त्यांच्या माथ्यावरील अक्षरे घासून नवी छापली जातात आणि त्या नव्या म्हणून विकल्या जातात. हा व्यवहार किरकोळ नाही. अमेरिकन सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात संरक्षणसामग्रीतील संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदली होती आणि त्यांतील भागांची एकूण संख्या दहा लाखांहून अधिक होती.

नकलेचे प्रकार मात्र एकसारखे नसतात. एसटी कंपनीच्या एसटीएम३२एफ१०३ या लोकप्रिय नियंत्रकाशी पिनांच्या दृष्टीने जुळणाऱ्या चिपा इतर कंपन्या स्वतःच्या नावाने उघडपणे विकतात. त्यात गैर काही नाही आणि पुष्कळदा त्या उत्तम पर्याय ठरतात. परंतु अशाच चिपेवर मूळ कंपनीचे नाव छापले, की ती फसवणूक होते. यासंबंधात २०१४ मधील एक घटना बोधप्रद आहे. एफटीडीआय या ब्रिटिश कंपनीच्या, यूएसबी जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या चिपेची नक्कल उघडून तपासली असता आतील रचना सर्वस्वी निराळी निघाली. तो एक सूक्ष्मनियंत्रक असून आज्ञावलीच्या बळावर मूळ चिपेचे सोंग घेत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने संगणकांसाठी काढलेल्या नव्या चालक-आज्ञावलीमुळे अशा नकली चिपा असलेली उपकरणे निकामी झाली. लोकक्षोभामुळे ती आज्ञावली मागे घेण्यात आली. पण ज्यांनी अजाणता नकली चिप घातलेली उपकरणे घेतली होती किंवा विकली होती, त्यांना स्वस्ताईची खरी किंमत त्या वेळी कळली.

काही साध्या परीक्षा कोणालाही करता येतात. भिंगातून पाहिल्यास पिनांवर जुन्या डाखाचे अवशेष दिसतात काय, एकाच गठ्ठ्यातील चिपांवरचे सांकेतिक अंक व माथ्याचा पोत सारखा आहे काय, ॲसिटोनने पुसल्यावर माथ्याचा काळा थर सुटतो काय, हे तपासावे. पुष्कळ चिपांवर चार अंकी संकेत असतो. त्यातील पहिले दोन अंक वर्षाचे व पुढचे दोन आठवड्याचे असतात. उत्पादन सुरू होण्यापूर्वीचे वर्ष चिपेवर दिसले, तर अधिक पुरावा नको. नियंत्रकाच्या बाबतीत आणखी एक सोय आहे : आज्ञावली चढविणारे साधन चिपेच्या अंतर्भागातील ओळखक्रमांक वाचते. तो माहितीपत्रकाशी जुळला नाही, तर माल परत करणे श्रेयस्कर. ओळखक्रमांक जुळला तरी पहिल्या काही नगांवर संपूर्ण स्मृती लिहून व वाचून पाहावी.

टंचाईचा धडा

२०२० ते २०२२ या काळात जगभर चिपांची टंचाई झाली. महामारीमुळे मागणीचे अंदाज चुकले. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये हिमवादळाने वीज गेल्याने चिपांचे कारखाने बंद पडले आणि मार्चमध्ये जपानमधील नाका येथील रेनेसास कंपनीच्या कारखान्याला आग लागली. मोटारींसाठी नियंत्रक बनविणाऱ्यांत ही कंपनी अग्रगण्य आहे. पुष्कळ नियंत्रकांच्या पुरवठ्यास वर्षभराचा विलंब लागू लागला आणि मध्यस्थांकडील दर मूळ दराच्या कित्येक पटींवर गेले. मोठ्या मोटार कंपन्यांनाही उत्पादन थांबवावे लागले. मग आगाऊ करार नसलेल्या लहान कारखान्यांची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना करता येते. एका चिपेअभावी इतर सर्व भाग तयार असलेली उपकरणे पडून राहिली.

ज्यांनी पूर्वीच दूरदृष्टी दाखविली होती, ते यातून तुलनेने लवकर सावरले. त्यांनी आज्ञावलीचा जो भाग चिपेशी थेट बोलतो, तो वेगळा ठेवला होता. त्यामुळे चिप बदलली तरी उरलेली आज्ञावली तशीच वापरता आली. पट्टिकेवर दोन निरनिराळ्या चिपा बसतील अशी जागा ठेवणे, एकाच कुलातील लहानमोठ्या स्मृतीच्या चिपा एकमेकींच्या जागी चालतील असे पाहणे आणि काही महिन्यांचा साठा जवळ बाळगणे हेही उपाय उपयोगी पडले. यासाठी आरंभी थोडा खर्च होतो. पण तो चिपेच्या किमतीचाच भाग समजला पाहिजे.

भारतातही या दिशेने प्रयत्न चालू आहेत. आयआयटी मद्रासमध्ये रचलेल्या ‘शक्ती’ मालिकेतील चिपा मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडविल्या गेल्या आहेत. ही रचना रिस्क-व्ही या, कोणालाही परवानामूल्य न देता वापरता येणाऱ्या आज्ञासंचावर आधारलेली आहे. वर उल्लेखिलेला दहा सेंटांचा चिनी नियंत्रकही त्याच आज्ञासंचावर चालतो. एका कंपनीच्या मालकीचा नसलेला आज्ञासंच जसजसा रूढ होईल, तसतसे एका चिपेवरून दुसरीवर जाणे सुकर होईल.

तात्पर्य असे की, स्वस्त सूक्ष्मनियंत्रकाचा शोध दरपत्रकापासून सुरू करू नये. प्रथम काम नेमके ठरवावे, मग नग मोजावेत, त्यानंतर पिना, स्मृती आणि बाह्य भाग यांचा हिशेब मांडावा. विक्रेत्याची पारख करावी, आलेल्या मालाची परीक्षा घ्यावी आणि दुसरा पर्याय आधीच शोधून ठेवावा. इतके केल्यावर जी चिप उरते, ती दरपत्रकातील सर्वांत खालची असेलच असे नाही. परंतु पंपाच्या मालकाला पाच वर्षांनंतरही तिची आठवण काढण्याची वेळ येणार नाही, आणि ती बनविणाऱ्या लहान कारखान्याचे काम तिच्यावाचून अडणार नाही. सूक्ष्मनियंत्रकाच्या बाबतीत स्वस्त या शब्दाचा व्यवहारातील अर्थ हाच होय.